सापेक्षतेने ग्रह सापडतात म्हणजे नेमकं काय? आणि त्यात आइनस्टाइनचं किती?

खग्रास

२०१३ च्या मे महिन्यात केप्लर-७६बी नावाच्या ग्रहाची बातमी आली होती. हंस तारकासमूहात, साधारण २००० प्रकाशवर्षांवर. वस्तुमान गुरूच्या दुपटीच्या आसपास आणि वर्ष अवघं दीड दिवसाचं. त्याला तेव्हा 'आइनस्टाइनचा ग्रह' म्हणत होते, कारण सापेक्षतेचा परिणाम वापरून तो शोधला होता. मी बातमी वाचली, "वा!" म्हटलं आणि विसरून गेलो.

परवा नववीतल्या पुतणीला दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह कसे शोधतात ते सांगत होतो. अधिक्रमण तिला लगेच कळलं (ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश जरासा कमी होतो). तारा डुगडुगतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात, तेही कळलं. मग मी ऐटीत केप्लर-७६बी काढला. ती म्हणाली, "काका, पण यात आइनस्टाइनने काय केलं?" आणि माझी बोलती बंद.

तेव्हापासून याच्याच मागे आहे. समजलं तेवढं मांडतो, चुकलं तर कान धरा.

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण खरं तर दोघंही सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. तारा जड, म्हणून त्याचं वर्तुळ चिमुकलं. या फेरीत तो कधी आपल्याकडे येतो, कधी आपल्यापासून लांब जातो. आपल्याकडे येताना तो किंचित जास्त उजळ दिसतो. फोटॉन (प्रकाशाचे कण) एकामागोमाग जरा घाईने पोचतात, हे पहिलं कारण. प्रत्येक फोटॉनची ऊर्जाही थोडी वाढलेली असते, हे दुसरं. तिसरं म्हणजे प्रकाश गतीच्या दिशेला एकवटतो. धावत्या माणसाला सरळ पडणारा पाऊस समोरून आल्यासारखा वाटतो ना, त्याच्या उलट बाजूने विचार करा. हे एकवटणं आडवं आणि उभं अशा दोन्ही अंगांनी होतं, म्हणून ते दोनदा मोजायचं. एकूण हिशेब: वेगाला प्रकाशवेगाने भागा आणि चाराने गुणा.

आता आकडा घालू. केप्लर-७६बी आपल्या ताऱ्याला सेकंदाला सुमारे ३०० मीटरने हलवतो. प्रकाशवेग सेकंदाला ३० कोटी मीटर. भागाकार दहा लाखांत एक, गुणिले चार, म्हणजे दहा लाखांत चार. ताऱ्याचा प्रकाश एवढाच वाढतो!

हे मोजायला काय लागतं ते बघा. तुम्ही दहा लाख फोटॉन मोजलेत तर निव्वळ योगायोगाने त्यात हजारेक इकडेतिकडे होतात. वर्गमूळाचा नियम. त्या हजारांच्या गोंधळात चार कुठे शोधणार? एक लाख कोटी फोटॉन मोजाल तेव्हा हा गोंधळ दहा लाखांत एकावर येतो आणि मग ते चार डोकं वर काढतात. केप्लर दुर्बीण चार वर्षं एकाच आभाळाच्या तुकड्याकडे टक लावून बसली होती, म्हणून हे जमलं.

गुरूमुळे सूर्य सेकंदाला साडेबारा मीटरने हलतो. त्याचा उजळपणा मांडून पाहिला, दहा लाखांत एकाचा सहावा हिस्सा येतो. पृथ्वीमुळे ९ सेंटिमीटर. तिथे शंभर कोटींत जेमतेम एक. तेव्हा या वाटेने दुसरी पृथ्वी सापडेल अशी आशा नको.

गणितवेडी

मस्त लिहिलंय. एक गोष्ट राहिली, आणि मला तीच सगळ्यात गमतीची वाटते.

प्रकाश नुसता या कारणाने वाढत-घटत नाही. ग्रह जवळ असला की ताऱ्याला भरती येते, तारा अंड्यासारखा लांबुळका होतो. फिरताना त्याची रुंद बाजू एका फेरीत दोनदा आपल्याकडे येते, म्हणजे दोनदा उजळ. शिवाय ग्रहाची उजेडाची बाजू दिसते, चंद्राच्या कलांसारखी, ती एका फेरीत एकदा. आणि तुम्ही सांगितलेला परिणाम, तोही एकदाच, पण पाव फेरी आधी. हे तिन्ही ताल एकाच प्रकाशवक्रात (वेळेनुसार प्रकाश कसा बदलतो त्या आलेखात) मिसळलेले असतात आणि ते सुटे करायचे असतात. तीन परिणामांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीचं नाव पडलं 'बीअर'. तेल अवीवच्या फायग्लर आणि माझेह यांनी ती उभी केली. ताऱ्याच्या गतीने बदलणाऱ्या उजेडावरून ग्रह शोधता येतील हे लोएब आणि गौडी यांनी २००३ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण तेव्हा तेवढी बारीक मोजणारी दुर्बीण आकाशात नव्हती.

आता खरी गंमत. केप्लर-७६बीच्या प्रकाशवक्रात सापेक्षतेचा ताल अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. त्यावरून ग्रहाचं वस्तुमान काढलं तर ते वर्णपटावरून काढलेल्या वस्तुमानाच्या तिप्पटीहून जास्त येत होतं! चूक कुठे?

ग्रह ताऱ्याकडे कायम एकच बाजू करून आहे. दुपारी बारा वाजलेल्या ठिकाणी तो सर्वांत तापलेला असायला हवा. पण तिथले वारे ती उष्णता पूर्वेकडे ढकलतात, त्यामुळे सर्वांत तप्त ठिकाण मधोमध नसून बाजूला आहे. म्हणजे कलांचा ताल जरा आधी शिगेला पोचतो. ही सरकलेली लाट दोन भागांत फोडली की तिचा एक तुकडा बरोब्बर सापेक्षतेच्या तालावर जाऊन बसतो आणि त्यात मिसळतो. आइनस्टाइनचं म्हणून जे मोजलं, त्यातला मोठा हिस्सा वाऱ्याचा होता.

२००० प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाचे वारे आपल्याला कळले ते असे, हिशेब न जुळल्यामुळे.

शंकासूर

लेख आवडला, पण नावाप्रमाणे वागतो.

डॉप्लरने आपला परिणाम मांडला १८४२ साली. प्रकाशाचं विपथन, म्हणजे तुमचं ते पावसाचं उदाहरण, ब्रॅडलीने १७२८ मध्ये ओळखलं. आइनस्टाइनचा जन्म १८७९ चा. तुमच्या गुणिले चारमध्ये खास सापेक्षतेचं काय आहे? सापेक्षतेची खरी सही म्हणजे गॅमा, घड्याळं मंदावण्याचा गुणक. तो वेगाच्या वर्गावर चालतो. ३०० मीटरला त्याचा परिणाम किती, तर एक लाख कोटीत अर्धा. तुमच्या चारांच्या शेजारी तो उभाही राहू शकत नाही. केप्लरलाच काय, कुणालाच तो त्या ताऱ्यात दिसलेला नाही.

'आइनस्टाइनचा ग्रह' हे नाव बातमीदारांना आवडलं म्हणून टिकलं. पुतणीचा प्रश्न रास्त होता.

अवांतर: सापेक्षतेने ग्रह शोधल्याचं कौतुक आहे, पण तिने आधी एक ग्रह पुसलाय. बुधाची कक्षा न्यूटनच्या हिशेबापेक्षा शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त सरकते, म्हणून ल व्हेरिएने १८५९ मध्ये सूर्याच्या आणखी जवळ व्हल्कन नावाचा ग्रह असणार असं मांडलं. तो "दिसला" म्हणणारेही निघाले. १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या गणितातून त्या ४३ विकला आपोआप बाहेर पडल्या आणि व्हल्कन निकालात निघाला.

खग्रास

शंकासूर, मान्य. निम्मं मान्य म्हणणार होतो, पण रात्री कागदावर मांडून पाहिलं आणि पूर्ण मान्य करावं लागलं. पहिल्या घातात गॅमा येतच नाही. सापेक्षतेच्या सूत्रातून चारही गोष्टी एका झटक्यात पडतात, एवढीच सोय.

निशाचर

वाचतोय. केप्लरची मोजमापं सगळ्यांसाठी खुली आहेत म्हणून मीही एकदा हात धुऊन घेतले होते, तो फजितीचा किस्सा सांगतो.

एका ताऱ्याचा प्रकाशवक्र उतरवून घेतला. दर तीनेक महिन्यांनी प्रकाशात स्वच्छ पायरी. एकदा वर, मग खाली, परत वर. मी दोन रात्री झोपलो नाही. वहीत ग्रहाची कक्षा, अंतर, तापमान, सगळं काढून झालं. मग सहज दुसरा तारा उतरवला. तिथेही पायरी, त्याच तारखांना! तिसऱ्यातही. तेव्हा कळलं की सौरपट्ट्या सूर्याकडे राहाव्यात म्हणून केप्लर दर तीन महिन्यांनी स्वतःभोवती ९० अंशांत वळायचा. वळला की तोच तारा कॅमेऱ्याच्या दुसऱ्या तुकड्यावर पडायचा, आणि त्या तुकड्याची संवेदनशीलता थोडी वेगळी असायची. मी शोधलेला ग्रह म्हणजे दुर्बिणीने बदललेली कूस.

वही अजून आहे. ग्रहाला नाव पण दिलं होतं, ते सांगणार नाही.

उल्का

:-) निशाचर, नाव सांगाच.

शंकासूरना एक उत्तर माझ्याकडे आहे. तुम्ही सगळे ताऱ्याच्या गतीवर अडकलात. सापेक्षतेने ग्रह शोधायची खरी जागा म्हणजे गुरुत्वीय भिंग, मायक्रोलेन्सिंग. ताऱ्याच्या गतीमुळे वाढणाऱ्या उजेडातून मिळालेले ग्रह बोटांवर मोजण्याइतके. मायक्रोलेन्सिंगने दोनशेहून जास्त दिलेत.

एक तारा दुसऱ्याच्या अगदी समोर आला की पुढच्या ताऱ्याचं गुरुत्व मागच्याचा प्रकाश वळवतं आणि मागचा तारा काही दिवस जास्त तेजस्वी दिसतो. यावर आइनस्टाइनने १९३६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छोटंसं टिपण लिहिलं, तेही रूडी मांडल नावाच्या एका हौशी इंजिनिअरने पिच्छा पुरवला म्हणून. आणि त्यात लिहिलं काय, तर हे प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची काही आशा नाही. एका ताऱ्यापुरतं बोलायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. आकाशगंगेच्या गाभ्याकडे पाहिलं तर कुठल्याही क्षणी दहा लाखांत एखादाच तारा असा भिंगाखाली असतो. पण कोट्यवधी ताऱ्यांचे फोटो रोज रात्री काढून ते एकमेकांशी ताडून पाहणारे संगणक येतील, हे १९३६ मध्ये कोणाच्या डोक्यात येणार?

पचिन्स्की यांनी १९८६ मध्ये हा विषय परत वर काढला, १९९१ मध्ये माओ आणि पचिन्स्की यांनी यातून ग्रहही सापडतील असं दाखवलं, आणि १९९२ पासून पोलंडच्या 'ओगल' गटाने चिलीतून निरीक्षणं सुरू केली. पहिला ग्रह जाहीर झाला २००४ मध्ये.

एक घटना जवळून सांगते. ११ जुलै २००५ ला ओगलने इशारा दिला की गाभ्याकडचा एक तारा उजळतोय. उजळत उजळत ३१ जुलैला तो तिप्पट तेजस्वी झाला आणि मग उतरणीला लागला. वक्र अगदी देखणा, दोन्ही बाजूंनी सारखा. साध्या एकट्या ताऱ्याच्या भिंगाने जसा यावा तसा. आणि १० ऑगस्टला, सगळं ओसरत आलेलं असताना, उतरणीवर एक छोटा उंचवटा. दिवसभरात संपला. तो उंचवटा म्हणजे भिंग झालेल्या ताऱ्याचा ग्रह, पृथ्वीच्या साडेपाच पट वस्तुमानाचा, उणे २२० अंशांत गारठलेला. त्या दिवशी ढग असते तर हा ग्रह कायमचा हुकला असता. म्हणून एका दुर्बिणीवर भागत नाही. एकीकडे उजाडलं की दुसरीकडच्या माणसाने पुढे बघायला हवं. आता कोरियन गटाच्या तीन सारख्या दुर्बिणी चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात आहेत, त्या हेच करतात.

हौशी लोकांनाही यात जागा आहे बरं का. त्याच २००५ मधल्या दुसऱ्या एका ग्रहाच्या शोधात ऑकलंडच्या २५ आणि ३५ सेंटिमीटरच्या दुर्बिणींची मोजमापं वापरलीत.

कोरा_कागद

भारी धागा. बाळबोध प्रश्न: तो गारठलेला ग्रह आता परत कधी बघता येईल?

उल्का

कधीच नाही. ते दोन तारे परत एका रेषेत यायचे नाहीत. या पद्धतीचं हे दुखणंच आहे. वक्र मिळतो, वस्तुमानाचं गुणोत्तर मिळतं आणि दार बंद. काही वर्षांनी दोन्ही तारे एकमेकांपासून सरकले की मोठ्या दुर्बिणीने भिंगवाला तारा वेगळा पाहता येतो कधीकधी, तेवढीच सोय.

पण जे दुसऱ्या कुठल्याच पद्धतीला दिसत नाही ते इथे दिसतं. भिंगाला स्वतःचा उजेड लागत नाही, नुसतं वस्तुमान पुरतं! कुठल्याच ताऱ्याशी न बांधलेले, एकटे भटकणारे ग्रहसुद्धा पकडता येतात. उजळण्याचा काळ वस्तुमानाच्या वर्गमूळावर जातो. ताऱ्याला आठवडे, गुरूएवढ्याला दिवस, पृथ्वीएवढ्याला काही तास. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका घटनेत हा काळ जेमतेम ४२ मिनिटं होता. मंगळ ते पृथ्वी यांच्या दरम्यानच्या वस्तुमानाचं काहीतरी, आणि जवळपास तारा दिसत नाही.

शंकासूर

उल्काताई, माहिती उत्तम. पण परत तेच. :-)

प्रकाश वळतो हे सोल्डनरने न्यूटनच्या नियमांनी १८०१ मध्येच काढलं होतं. सूर्याच्या कडेजवळून जाणारा किरण ०.८४ विकला वळेल असं त्याचं उत्तर. आइनस्टाइनचं १९१५ चं उत्तर १.७५, म्हणजे दुप्पट. १९१९ च्या ग्रहणात एडिंग्टनची माणसं तेच तपासायला गेली होती, अर्धं की पूर्ण. तेव्हा न्यूटनच्या विश्वातही मायक्रोलेन्सिंग झालंच असतं, भिंगाचं वर्तुळ दोनच्या वर्गमूळाने लहान, एवढंच.

उल्का

अहो, पण आपलं विश्व न्यूटनचं नाही. उंचवट्यावरून काढलेलं प्रत्येक वस्तुमान त्या दुपटीवर उभं आहे. अर्धं घेऊन गणित करा आणि दाखवा.

शंकासूर

बरं, हे घेतलं. इथे आइनस्टाइनचा वाटा निम्मा. लिहून ठेवा.

वर्णपटवाला

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. शंकासूरना शंभर टक्के आइनस्टाइन हवाय ना? तो आहे, पण शोधण्यात नाही. वजाबाकीत आहे.

ताऱ्याचा वेग आपण पृथ्वीवरून मोजतो, आणि पृथ्वी स्वतः सेकंदाला ३० किलोमीटरने धावतेय. ते आधी वजा करायचं, ते झालं जुनं भौतिकशास्त्र. पण मग आपलं घड्याळ उरतं. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तेव्हा तिचा वेगही जास्त आणि ती सूर्याच्या गुरुत्वाच्या खड्ड्यातही जरा खोल. दोन्हींमुळे आपली घड्याळं मंदावतात. जुलैत उलट. मंद घड्याळाने मोजलं की ताऱ्याचा प्रकाश किंचित निळा वाटतो, जणू तारा आपल्याकडे येतोय. केवढा? वेगाच्या भाषेत सेकंदाला १० सेंटिमीटर. घड्याळाच्या भाषेत वर्षभरात १.७ मिलिसेकंद पुढेमागे. न्यूटनच्या विश्वात ही संख्या चक्क शून्य आहे, शंकासूर. अर्धी नाही, शून्य.

आता खग्रास यांचा आकडा परत वाचा. पृथ्वी सूर्याला ९ सेंटिमीटरने हलवते, वर्षातून एकदा. म्हणजे ही दुरुस्ती विसरलात तर आकाशातल्या प्रत्येक ताऱ्याभोवती, कुठल्याही दिशेला, तुम्हाला ३६५ दिवसांचा पृथ्वीएवढा ग्रह दिसेल! निशाचर यांच्या वहीसारखंच, फक्त कूस बदलणारी दुर्बीण नसून आपलीच पृथ्वी. २००३ पासूनचं हार्प्स हे ताऱ्यांचा वेग मोजणारं उपकरण सेकंदाला १ मीटरपर्यंत मोजायचं तेव्हा हे फारसं बोचत नव्हतं. चिलीतलं एस्प्रेसो हे उपकरण मात्र १० सेंटिमीटरचं ध्येय ठेवूनच बांधलंय, तिथे हे विसरून चालत नाही.

पृथ्वीची कक्षा नीट न धरल्याने काय होतं याचं उदाहरण घडलेलं आहे. १९९१ च्या जुलैत इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या गटाने एका पल्सारभोवती (गरगर फिरत ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणारा मृत तारा) ग्रह जाहीर केला. त्याचं वर्ष सहा महिन्यांचं. पुढे त्याच गटातल्या अँड्र्यू लाइन यांच्या लक्षात आलं की पल्सारची जागा किंचित चुकली होती आणि हिशेबात पृथ्वीची कक्षा वर्तुळ धरली होती, लंबगोल नव्हे. ग्रह नव्हताच. १९९२ च्या जानेवारीत भरसभेत उभं राहून त्यांनी ते सांगितलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आणि त्यांच्यामागोमाग व्होल्श्चान बोलायला उठले, दुसऱ्या पल्सारभोवतीच्या दोन ग्रहांबद्दल. ते खरे निघाले, आजही आहेत. तो पल्सार ६.२ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. त्याच्या ठोक्यांना मायक्रोसेकंदांत जाब विचारायचा तर वरचे १.७ मिलिसेकंद आधी काढावेच लागतात.

शंकासूर

शून्य असेल तर माझं तोंड बंद. हे माहीत नव्हतं.

निशाचर

म्हणजे माझी वही एकटी नाही. बरं वाटलं.

गणितवेडी

१० सेंटिमीटरचं गणित करून पाहिलं, दोन ओळींत येतं. वेगाचा आणि गुरुत्वाचा, दोन्हींचा वाटा नेमका सारखा निघतो, जवळजवळ पाच-पाच सेंटिमीटर. ऊर्जेची अक्षय्यता आहे त्यामागे. छान वाटलं.

खग्रास

पुतणीला अख्खा धागा वाचून दाखवला. पल्सारच्या गोष्टीला तिनेही टाळ्या वाजवल्या. मग जरा वेळाने विचारलं, "तिकडच्या ग्रहावर कोणी असेल आणि ते आपल्याला शोधत असतील, तर त्यांनाही आधी त्यांचं घड्याळ दुरुस्त करावं लागेल का?"

वर्णपटवाला

लागेल. त्यांची कक्षा जितकी लंबगोल तितकं जास्त. अगदी वर्तुळाकार असेल तर सुटले.